संख्याशास्त्रीय गुणनियंत्रण : मोटारीच्या कारखान्यातून आपल्या पेढीकडे

आपल्या संघाच्या सभासद-बंधूंपैकी पुष्कळांचा व्यवसाय आज या ना त्या नात्याने मोटारीशी जोडलेला आहे. कोणी सुट्या भागांचे दुकान चालवितात, कोणी पोलाद, बीड व कोक यांचा पुरवठा करतात, तर कोणी बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचा अथवा लेथकामाचा कारखाना काढला आहे. या धंद्यात एक प्रसंग वारंवार उद्भवतो. पाठविलेल्या खेपेतील काही नग मापात बसत नाहीत. मोठा कारखानदार सबंध खेप परत करतो. जाण्यायेण्याच्या भाड्याचा भुर्दंड आपल्यावर पडतो, आणि मग मालक फोरमनला व फोरमन कारागिराला बोल लावतो.

हा बोल योग्य माणसाला लागतो काय? बहुतेक वेळा लागत नाही, असे अंकांनी दाखवून देणारे एक शास्त्र गेल्या शंभर वर्षांत तयार झाले आहे. त्यास संख्याशास्त्रीय गुणनियंत्रण म्हणतात. मोटारीच्या कारखान्यात त्याचा सर्वांत मोठा उपयोग झाला, आणि ज्यांनी ते मनापासून स्वीकारले त्यांनी जगाची बाजारपेठ जिंकली. त्याची ओळख आपल्या व्यापारी बंधूंना व त्यांच्या घरच्या तरुण मंडळींना करून द्यावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. गणिताचा धाक बाळगण्याचे कारण नाही. बेरीज, भागाकार व थोडा धीर एवढे भांडवल पुरेसे आहे.

१. मोटारीलाच या विद्येची गरज का पडली?

पूर्वी एक कुशल कारागीर यंत्राचे सर्व भाग स्वतः करीत असे व कानशीने घासून एकमेकांत बसवीत असे. मोटारीचा धंदा या रीतीने चालणे शक्य नव्हते. १९०८ साली इंग्लंडमधील ब्रुकलँड्स येथे कॅडिलॅक कंपनीच्या तीन मोटारी पूर्ण सुट्या करून त्यांचे भाग एकमेकांत मिसळण्यात आले, त्या ढिगातून पुन्हा तीन मोटारी जोडण्यात आल्या, आणि त्या ५०० मैल चालवून दाखविण्यात आल्या. कोणताही भाग कोणत्याही मोटारीत बसतो, ही गोष्ट त्या दिवशी जगाला पटली. पुढे १९१३ साली हेन्री फोर्ड यांनी सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडण्यास आरंभ केला. तेथे तर कानस हाती घेण्यास कोणाला सवडच नाही. हाताशी येणारा प्रत्येक भाग मापात असलाच पाहिजे.

आता एक साधा हिशेब पाहावा. अगदी लहान स्क्रूपर्यंत मोजले तर एका मोटारीत सुमारे ३०,००० भाग असतात. आपण त्यांपैकी केवळ १,००० महत्त्वाचे भाग धरू, आणि प्रत्येक भाग हजारात ९९९ वेळा निर्दोष निघतो असे मानू. हजारात एक दोष म्हणजे आपल्या दृष्टीने उत्तमच माल. परंतु असे हजार भाग एकत्र आले की ज्या मोटारीत एकही सदोष भाग नाही अशा मोटारी शंभरात अवघ्या ३७ निघतात. उरलेल्या ६३ मोटारींत कोठे ना कोठे उणीव राहते. सुट्या भागाच्या पुरवठादाराला जे प्रमाण क्षुल्लक वाटते ते मोटार करणाऱ्याला परवडत नाही, याचे कारण या हिशेबात आहे.

यावर पहिला उपाय सुचतो तो असा, की माल तयार झाल्यावर प्रत्येक नग तपासावा व वाईट ते बाजूस काढावेत. परंतु यात तीन अडचणी आहेत. वाईट नगावर धातू, वीज व मजुरी आधीच खर्च झालेली असते. तपासणारा माणूस दिवसभर तेच काम करून थकतो व त्याच्या नजरेतून दोष निसटतात. तिसरी अडचण सर्वांत मोठी. सांध्याचे बळ किंवा अपघातात फुगणारी हवेची पिशवी यांसारख्या गोष्टींची खरी परीक्षा नग मोडूनच करावी लागते, आणि सगळेच मोडले तर विकावयाचे काय? यास्तव गुण शेवटी निवडून काढण्यापेक्षा तो तयार होत असतानाच त्यावर लक्ष ठेवणे, हा मार्ग उरतो.

२. तफावतीचे दोन प्रकार

एकाच हाताने, एकाच पिठाचे लाटलेले पापड घ्यावेत व सोनाराच्या काट्यावर तोलावेत. कोणतेही दोन पापड सारख्या वजनाचे भरणार नाहीत. यंत्राचेही तसेच आहे. एका लेथवर, एकाच पोलादातून, एकाच माणसाने केलेल्या शंभर पिना बारीक मापाने मोजल्या तर त्यांत तफावत आढळतेच. तफावत ही सृष्टीचीच रीत आहे. ती पूर्णपणे नाहीशी करता येत नाही. तिचे कारण जाणून ती आटोक्यात मात्र ठेवता येते.

हा विचार शास्त्रशुद्ध रीतीने प्रथम मांडला तो वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने. तो बेल टेलिफोनच्या उद्योगसमूहात कामाला होता, आणि शिकागोजवळील हॉथॉर्न येथील त्यांच्या प्रचंड कारखान्यात दूरध्वनीची उपकरणे तयार होत. १६ मे १९२४ या दिवशी त्याने आपल्या वरिष्ठांस एक छोटे टिपण पाठविले व त्यात एक आकृती काढून दाखविली. आज जगभर ज्यास नियंत्रण-आलेख म्हणतात त्याचा तो जन्मदिवस होय. १९३१ साली त्याने या विषयावर ग्रंथ लिहिला.

शूहार्टचे म्हणणे थोडक्यात असे. तफावतीची कारणे दोन वर्गांची असतात. पहिला वर्ग सामान्य कारणांचा. यंत्राची किंचित थरथर, सळईतील धातूचा सूक्ष्म फरक, हवेतील उष्णता, हाताचा कमी-अधिक दाब अशी शेकडो बारीक कारणे एकाच वेळी काम करीत असतात. त्यांपैकी एकही मोठे नसते व एकावर बोट ठेवता येत नाही. दुसरा वर्ग विशेष कारणांचा. हत्याराची धार गेली, सळईचा गठ्ठा बदलला, नवशिक्या माणूस आला, फिरत्या भागाचा बोल्ट सैल झाला ही विशेष कारणे. ती शोधल्यास सापडतात व त्याच दिवशी दूर करता येतात.

या भेदाचे महत्त्व जबाबदारीच्या वाटणीत आहे. विशेष कारण यंत्रावरील माणसाच्या किंवा फोरमनच्या नजरेच्या टप्प्यात असते. सामान्य कारणे मात्र यंत्राची निवड, कच्च्या मालाची खरेदी, कामाची पद्धत व शिक्षण यांतून येतात, आणि या सर्व गोष्टी मालकाच्या हाती असतात. कारागिराला कितीही बोलले तरी त्या त्याला बदलता येत नाहीत.

३. आलेख कसा काढतात

समजुतीसाठी एक उदाहरण कल्पू. एका कारखान्यात मोटारीसाठी २० मिलिमीटर व्यासाची पिन तयार होत आहे. गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगमध्ये ०.०५ मिलिमीटर अधिक-उणे चालेल असे लिहिले आहे. म्हणजे १९.९५ ते २०.०५ ही झाली सहनमर्यादा, ज्यास कारखान्यात टॉलरन्स म्हणतात.

दर तासाला लागोपाठ निघालेल्या ५ पिना घ्यावयाच्या व मायक्रोमीटरने मोजावयाच्या. समजा, मापे २०.०१, १९.९९, २०.००, २०.०२ व २०.०० अशी आली. त्यांची सरासरी २०.००४. सर्वांत मोठे माप वजा सर्वांत लहान माप, म्हणजे पल्ला, ०.०३. अशा २० नोंदी झाल्या की सर्व सरासऱ्यांची सरासरी काढावयाची व सर्व पल्ल्यांचीही सरासरी काढावयाची. ती अनुक्रमे २०.००४ व ०.०२६ आली असे धरू. पाच नगांच्या नमुन्यासाठी शास्त्राने ०.५७७ हा गुणक ठरविलेला आहे. त्याने सरासरी पल्ल्यास गुणले की ०.०१५ येतात. ते मधल्या आकड्यात मिळवून २०.०१९ ही वरची रेषा व वजा करून १९.९८९ ही खालची रेषा मिळते. पल्ल्यासाठी वरची रेषा २.११४ या गुणकाने मिळते. ती येथे ०.०५५ होते. या वीस नोंदींतच एखादा बिंदू रेषेबाहेर पडला तर त्याचे कारण शोधून, ती नोंद वगळून रेषा पुन्हा काढतात. त्यानंतर चौकडीच्या कागदावर दर तासाला एक सरासरीचा व एक पल्ल्याचा ठिपका द्यावयाचा. हाच नियंत्रण-आलेख.

जोवर ठिपके दोन रेषांच्या मध्ये वेडेवाकडे विखुरलेले आहेत तोवर केवळ सामान्य कारणे काम करीत आहेत असे समजून यंत्राला हात लावू नये. एखादा ठिपका रेषेबाहेर पडला की थांबावे व कारण शोधावे, कारण यंत्र पूर्ववत असताना निव्वळ योगायोगाने असे घडण्याचा संभव १०,००० मध्ये सुमारे २७ इतकाच असतो. त्याचप्रमाणे लागोपाठ आठ ठिपके मधल्या रेषेच्या वरच्याच अंगास पडले तरी सावध व्हावे. नाणे आठ वेळा उडवून आठही वेळा छाप पडण्याचा संभव २५६ मध्ये एक. ठिपके हळूहळू वर चढत असतील तर हत्याराची धार झिजत आहे असे बहुधा आढळते. वाईट पिन निघण्यापूर्वीच धार लावून घेता येते, हा या आलेखाचा खरा लाभ आहे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. नियंत्रण-रेषा व सहनमर्यादा एक नव्हेत. नियंत्रण-रेषा यंत्राचा स्वभाव सांगतात; सहनमर्यादा गिऱ्हाइकाची मागणी सांगते. आपल्या उदाहरणात सरासरी पल्ल्यास २.३२६ ने भागले असता ०.०११ हे तफावतीचे माप मिळते, ज्यास प्रमाण विचलन म्हणतात. त्याची तिप्पट दोन्ही बाजूंस धरली तर जवळजवळ सर्व पिना १९.९७ ते २०.०४ यांच्या आत येतील. यंत्र गिऱ्हाइकाच्या मागणीस समर्थ आहे. परंतु सरासरी पल्ला ०.०५ असता तर हाच पसारा ०.१३ मिलिमीटरचा झाला असता, आणि गिऱ्हाइकाची जागा तर ०.१० मिलिमीटरचीच आहे. अशा यंत्रावर देवमाणूस बसविला तरी काही पिना वाईट निघणारच. तेथे उपाय एकच. मालकाने यंत्र दुरुस्त करावे, चांगली सळई आणावी, किंवा हे काम आपल्या यंत्राचे नाही असे गिऱ्हाइकास आधीच सांगावे.

४. दोन चुका : नको तेथे राग आणि नको तेथे मौन

वर सांगितलेला भेद न ओळखल्याने दोन प्रकारच्या चुका होतात. सामान्य तफावतीला विशेष समजून धावपळ करणे ही पहिली, आणि विशेष कारणाला नेहमीचेच समजून गप्प बसणे ही दुसरी.

पहिल्या चुकीचे उदाहरण प्रत्येक कारखान्यात दिसते. एक पिन थोडी मोठी निघाली की कारागीर लेथ तेवढाच मागे घेतो. पुढची लहान निघाली की पुन्हा पुढे करतो. त्याला वाटते, आपण फार दक्ष आहोत. परंतु गणित सांगते, की स्थिर यंत्राला दर नगामागे असे हलविल्याने तफावत कमी तर होत नाहीच, उलट सुमारे ४१ टक्क्यांनी वाढते.

शूहार्टचा अनुयायी एडवर्ड्स डेमिंग आपल्या वर्गात एक खेळ करून दाखवीत असे. पेटीत ३,२०० पांढरे व ८०० तांबडे मणी. पन्नास खळग्यांचे एक फळकूट पेटीत बुडवून मणी काढावयाचे. तांबडा मणी म्हणजे सदोष माल. विद्यार्थी एकामागून एक मणी काढीत. ज्याच्या फळकुटावर पाच तांबडे आले त्याची डेमिंग पाठ थोपटी, ज्याच्यावर पंधरा आले त्याला दम देई, आणि दुसऱ्या फेरीत बक्षीस मिळालेलाच फसे तेव्हा सर्व वर्ग हसे. हिशेब केला तर सरासरी दहा तांबडे, आणि २ पासून १८ पर्यंत काहीही येणे हा केवळ योगायोग. मणी काढणाऱ्याच्या कौशल्याचा येथे काडीचाही संबंध नाही. दोष पेटीत आहे, आणि पेटी भरली ती मालकाने.

हेच गणित आपल्या ओतकामाच्या कारखान्यास लावून पाहू. समजा, रोज २०० नग ओतले जातात व कित्येक महिन्यांची सरासरी अशी, की शेकडा ६ नग वायुछिद्रे, वाळूचे कण वा अर्धवट भरलेला साचा यांमुळे बाद होतात. म्हणजे रोज सरासरी १२. नियंत्रण-रेषा काढल्या तर खालची सुमारे २ नगांवर व वरची सुमारे २२ नगांवर येते. एके दिवशी १९ नग बाद झाले म्हणून फोरमनवर ओरडणे व्यर्थ, आणि एके दिवशी ५ च बाद झाले म्हणून पेढे वाटणेही व्यर्थ. दोन्ही दिवस एकाच स्वभावाचे आहेत. परंतु ज्या दिवशी २७ नग बाद होतात त्या दिवशी मात्र त्याच संध्याकाळी वाळूचा ओलावा, धातूची उष्णता व नवा आलेला माल तपासावा. उद्यावर टाकल्यास पुरावा नाहीसा होतो.

मग शेकडा ६ हे प्रमाण कमी कसे व्हावे? त्यासाठी महिन्याभरातील बाद नगांची दोषवार मांडणी करावी. बहुधा असे आढळते, की दोन-तीन प्रकारच्या दोषांनीच निम्म्याहून अधिक नुकसान केलेले असते. त्यांपैकी सर्वांत मोठा दोष घेऊन वाळूची चाचणी, साच्याची रचना व भट्टीचे माप यांत मालकाने पैसा घालावा. हा खर्च ओरडण्यापेक्षा महाग दिसतो. परंतु ओरडण्याने वर्षानुवर्षे ६ चे ६ च राहतात, आणि बाद नगांबरोबर रोज जळणारा कोक कोणी हिशेबात धरीत नाही.

५. विद्या एकाची, लाभ दुसऱ्याचा

या विद्येचा इतिहास व्यापाऱ्याने मुद्दाम वाचावा असा आहे. ती जन्मली अमेरिकेत. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांत तिचे वर्ग निघाले. परंतु युद्ध संपताच अमेरिकन मोटार-कारखानदारांना अशी भरभराट लाभली, की जे काढावे ते विकले जाई. आलेखांकडे कोण पाहतो?

जपान त्या वेळी बेचिराख झाला होता. तेथील शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या संघाने १९५० साली डेमिंग यास व्याख्यानांसाठी बोलाविले. अभियंत्यांबरोबरच मोठ्या कंपन्यांचे चालकही ऐकावयास बसले. डेमिंगने व्याख्यानांच्या छापील टिपणांचे मानधन घेतले नाही; त्या पैशांतून १९५१ साली त्याच्याच नावाचे पारितोषिक सुरू झाले. १९५७ साली टोयोटाने आपली पहिली मोटार अमेरिकेत पाठविली तेव्हा ती तेथील लांब व वेगवान रस्त्यांवर टिकली नाही, आणि कंपनीस काही वर्षांत ती मागे घ्यावी लागली. परंतु त्यांनी दोष गिऱ्हाइकास दिला नाही. १९६१ पासून टोयोटाने सर्व विभागांत गुणनियंत्रणाची मोहीम चालविली व १९६५ साली डेमिंग पारितोषिक मिळविले. निसान कंपनीस ते त्यापूर्वीच, १९६० साली मिळाले होते.

पुढची वीस वर्षे सर्वांस ठाऊक आहेत. १९८० साली अमेरिकेच्या एका दूरचित्रवाणी संस्थेने, जपानला जे साधते ते आपणास का साधू नये असा प्रश्न विचारणारा कार्यक्रम दाखविला. तोवर डेमिंग स्वदेशात जवळजवळ अपरिचित होता. दुसऱ्याच वर्षी फोर्ड कंपनीने त्यास सल्ल्यासाठी पाचारण केले. तेव्हा त्याचे वय ८० होते.

त्याच सुमारास फोर्ड कंपनीस एक विलक्षण अनुभव आला. तिच्या मोटारींतील एकाच प्रकारची गिअरपेटी काही अमेरिकेतील ओहायो राज्यात स्वतःच्या कारखान्यात, तर काही जपानमध्ये माझदा कंपनीत तयार होत होती. ड्रॉइंग एकच, सहनमर्यादाही एकच. तरीही अमेरिकन पेट्यांबद्दल तक्रारी अधिक येत. दोन्ही पेट्या सोडून भाग मोजण्यात आले तेव्हा फोर्डचे भागही मर्यादेच्या आतच निघाले. फरक एवढाच होता, की फोर्डचे भाग मर्यादेच्या दोन्ही काठांपर्यंत पसरलेले होते, आणि माझदाचे भाग मध्याभोवती दाटून बसलेले होते. एक भाग वरच्या काठाशी व त्यात बसणारा दुसरा खालच्या काठाशी असला, तर दोघेही तपासणीत उत्तीर्ण होतात, परंतु त्यांची जोडी खडखडते.

जपानी अभियंता गेनिची तागुची याने हेच सूत्ररूपाने सांगितले. मध्यापासून माप जितके दूर तितके नुकसान वर्गाच्या प्रमाणात वाढते. ०.०१ च्या चुकीने एक रुपया नुकसान होत असेल तर ०.०२ च्या चुकीने चार रुपये व ०.०४ च्या चुकीने सोळा रुपये. मर्यादेच्या आत आले म्हणजे सुटलो, ही वृत्ती म्हणूनच पुरेशी नाही.

६. आपल्या देशातील वाटचाल

भारताला या विद्येची ओळख उशिरा झाली असे म्हणता येणार नाही. कलकत्त्यास प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापिली, आणि तिच्या निमंत्रणावरून खुद्द शूहार्ट १९४७-४८ साली भारतात येऊन गेला. डेमिंगच्या जपानमधील व्याख्यानांच्याही आधीची ही गोष्ट. पुढील दशकात संस्थेने मुंबई, बंगळूर, कलकत्ता इत्यादी ठिकाणी कारखान्यांना सल्ला देणारी गुणनियंत्रण केंद्रे उघडली.

मोटारीच्या धंद्यातही आपण मागे नव्हतो. सोलापूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली व मुंबईत कुर्ला येथे मोटारीचा कारखाना उभारला. आपल्या समाजास या साहसाचा अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु पुढे परवान्यांचा काळ आला. मोटारी थोड्या, मागणारे फार, आणि गिऱ्हाईक कित्येक वर्षे नाव नोंदवून वाट पाहत बसे. ज्या बाजारात गिऱ्हाईक रांगेत उभे असते त्या बाजारात तफावत मोजण्याची आच कोणालाच लागत नाही. विद्या असूनही ती वापरली गेली नाही, याचे मोठे कारण हेच होय.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुतीची पहिली मोटार बाहेर पडली. जपानच्या सुझुकी कंपनीच्या सहकार्यामुळे सुटे भाग पुरविणाऱ्या भारतीय कारखान्यांना प्रथमच जपानी पद्धतीचा कसून अनुभव मिळाला. १९९८ साली तमिळनाडूतील सुंदरम-क्लेटन कंपनीच्या ब्रेक विभागाने डेमिंग पारितोषिक मिळविले, आणि २००३ साली महिंद्र कंपनीच्या ट्रॅक्टर विभागासही ते लाभले. आज मोटार-कारखान्यांना भाग पुरवू इच्छिणाऱ्यांकडून सामान्यतः आय.ए.टी.एफ. १६९४९ या आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा केली जाते, आणि नियंत्रण-आलेख हे त्यातील एक मूलभूत साधन आहे.

७. दुकानदाराने नमुना कसा पाहावा

ज्यांचा कारखाना नाही, केवळ खरेदी-विक्री आहे, त्यांनाही या शास्त्राकडून एक इशारा घेता येईल. माल आला की खोके उघडून दहा नग पाहावेत, दहाही चांगले असले की खेप चांगली समजावी, अशी आपली रीत आहे. हिशेब काय सांगतो? ज्या मोठ्या खेपेत शेकडा २ नग वाईट आहेत ती खेप या परीक्षेतून शंभरात ८२ वेळा निर्वेध पार पडेल. शेकडा ५ वाईट असलेली ६० वेळा पार पडेल. आणि शेकडा १० वाईट असलेलीही ३५ वेळा आपल्याला चकवील. ब्रेकच्या भागांची शेकडा १० वाईट असलेली खेप आपल्या दुकानातून गिऱ्हाइकाच्या मोटारीत गेली, तर त्याचा परिणाम रुपयांत मोजता येणार नाही.

यावर नमुना मोठा करणे हा एक उपाय आहे. हॅरोल्ड डॉज व हॅरी रोमिग या शूहार्टच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी कोष्टके तयार केली. परंतु त्याहून चांगला उपाय म्हणजे पुरवठादाराकडे त्याचे आलेख मागणे. ज्याचे यंत्र स्थिर आहे हे आलेखावरून दिसते, त्याच्याशी दीर्घकाळाचा व्यवहार ठेवणे हे दरवेळी दोन पैशांनी स्वस्त माल शोधण्यापेक्षा अंती लाभाचे ठरते. डेमिंगनेही कारखानदारांना, केवळ किंमत पाहून खरेदी करू नका, असेच बजावले होते.

८. अंकांचे सत्य

या सर्व विद्येचा पाया एकच आहे, आणि तो म्हणजे खरी नोंद. ऑक्टोबर २०१७ मध्ये जपानच्या कोबे स्टील या नामांकित कंपनीने कबूल केले, की तिने ॲल्युमिनियम, तांबे इत्यादी मालाच्या गुणांचे खोटे दाखले दिले होते. हा माल घेणाऱ्या शेकडो गिऱ्हाइकांत टोयोटा, निसान व होंडा यांचाही समावेश होता. ज्या देशाने ही विद्या जगाला शिकविली तेथेही हे घडले. शिस्तीची कीर्ती कितीही मोठी असली तरी एका खोट्या आकड्याने आलेख निरर्थक होतो. ज्या कारखान्यात वाईट आकडा सांगणाऱ्यास शिक्षा होते तेथे वाईट आकडे लवकरच लिहिले जाईनासे होतात. वाईट नग मात्र निघतच राहतात. भय घालवा, हा डेमिंगचा आग्रह याच कारणाने होता.

आपल्या परंपरेत श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगताना खोटी मापे वापरणे व प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सल म्हणून नक्कल खपविणे, यांचा स्पष्ट उल्लेख आहे. नामांकित कंपनीच्या वेष्टनात घातलेला नकली बेअरिंग विकणे हा प्रतिरूपक व्यवहारच, आणि न मोजता भरलेला तपासणी-दाखला हेही खोटे मापच. काळ बदलला, वस्तू बदलल्या. व्रताचा अर्थ बदललेला नाही. ज्या ब्रेकवर एखाद्या कुटुंबाचे प्राण अवलंबून आहेत त्याच्या मापात हयगय करणे अहिंसेच्या विचारातही बसत नाही.

आणखी एक योग सांगण्याजोगा आहे. ज्या महालनोबीसांनी भारतात संख्याशास्त्र रुजविले त्यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायाविषयी एक निबंध प्रसिद्ध केला व त्यात जैन दर्शनातील स्याद्वादाचे विवेचन करून संभाव्यतेच्या आधुनिक कल्पनेशी त्याचे नाते दाखविले. १९५७ साली तो निबंध त्यांच्या संस्थेच्या ‘संख्या’ या नियतकालिकातही छापला गेला. स्याद्वाद व आधुनिक गणित एकच आहेत असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि ‘स्यात्’ म्हणजे ‘एका अपेक्षेने’ ही मर्यादा घालून बोलण्याची जी सवय आपल्या आचार्यांनी लावली, तीच वृत्ती आलेख वाचणाऱ्यास लागते. ठिपका रेषेच्या आत आहे याचा अर्थ सर्व काही निर्दोष आहे असा होत नाही. उपलब्ध पुराव्यापुरते विशेष कारण दिसत नाही, एवढाच होतो. एकाच दिवसाच्या आकड्यावरून माणसाविषयी निकाल देऊ नये, हा धडा त्यातूनच निघतो.

समारोप

आमच्या सभासद-बंधूंस आमची एवढीच सूचना आहे, की वाचून झाल्यावर एक लहानसा प्रयोग करावा. कारखाना असल्यास एकच यंत्र व एकच माप निवडावे. दुकान असल्यास रोजच्या परत आलेल्या नगांची संख्या घ्यावी. महिनाभर खरी नोंद ठेवावी, सरासरी काढावी, रेषा आखाव्या व कागद सर्वांना दिसेल अशा जागी लावावा. पहिल्या महिन्यात कोणासही बोल लावू नये. आपण ज्यांवर रागावत होतो त्यांपैकी बहुतेक ठिपके रेषेच्या आतच आहेत असे दिसून येईल, आणि एखादा जो बाहेर गेला त्याचे कारण कारागीर स्वतःच सांगू लागेल. घरातील शिकणाऱ्या मुलामुलींवर हा आलेख भरण्याचे काम सोपवावे. शाळेत शिकलेल्या सरासरीचा उपयोग त्यांना त्यातून कळेल, आणि पेढीचा खरा हिशेब नफ्याच्या पानाआधी कोठे लिहिला जातो हेही समजेल.